बल्लिस्ता आणि सहावा पांडव

मल्लेशच्या पिकअपचा कमानपाटा नेमका आमच्या दारात तुटला, आणि त्या क्षणी रोमन साम्राज्य आमच्या घरात शिरलं.

मल्लेश माझा मेहुणा. चाकूरजवळ त्याचं रान आहे. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालून तो बहिणीकडे चहाला वळला आणि आमच्या गल्लीतल्या खड्ड्यात गाडी बसली. कमानपाटा म्हणजे गाडीच्या पोटाखाली, चाकाजवळ असतात त्या पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या. साऱ्या गाडीचं ओझं त्या मुकाट सोसतात, त्यामुळे घरातल्या बायकांना त्यांच्याविषयी लगेच आपुलकी वाटते. दानम्मा, म्हणजे आमची ही, "तुटला का बिचारा!" असं म्हणालीसुद्धा. माझा गुडघा दुखावला तेव्हा ती इतकं हळू बोलली नव्हती.

मल्लेश गाडीखाली आडवा झाला होता, मी बाहेर पाना धरून उभा होतो. आमची शिवांगी पायरीवर फोन घेऊन बसली होती. ती हल्ली फोनवर स्पॅनिश शिकते. कशाला, असं विचारलं की स्पॅनिशमध्ये उत्तर देते, म्हणून मी विचारत नाही.

"मामा," ती म्हणाली, "ह्या पाट्याला स्पॅनिशमध्ये बायेस्ता म्हणतात."

माझ्या हातातला पाना गळून पडला. तो मल्लेशच्या नडगीवर पडला, पण तो मुद्दा गौण आहे.

"बायेस्ता! अरे, ही तर लॅटिनमधली बल्लिस्ता!"

इथे मला माझं दुखणं सांगितलं पाहिजे. मी ज्युनिअर कॉलेजात विज्ञानाच्या मुलांना मराठी शिकवतो. लातुरात विज्ञानाची मुलं क्लासला असतात. म्हणजे मी बाकांना शिकवतो. बाकं चांगली आहेत, शिस्तीची आहेत, पण शब्दाचं मूळ सांगितलं तरी बाकाच्या तोंडावर काही उमटत नाही. मला शब्द सासुरवाशिणींसारखे वाटतात. कुठल्या माहेरची, कुठे नांदायला गेली, तिथे तिचं नाव काय बदललं, हे कुणीतरी मायेने विचारावं. कुणी विचारत नाही. म्हणून मी न विचारता सांगतो.

"ही रोमची लेक, मल्लेश," मी पाना उचलून गाडीखाली वाकत सांगू लागलो. "किल्ल्यावर दगड फेकायचं यंत्र. हिच्या पोटच्या मुली देशोदेशी गेल्या. एक इटलीत दिली, तिचं नाव बालेस्त्रा. एक स्पेनला, ती बायेस्ता…"

"दाजी, पाना."

"तिथे त्या धनुष्य झाल्या, चापाचं धनुष्य. अन् धनुष्यासारखा वाकलेला म्हणून गाडीच्या पाट्यालाही तेच नाव पडलं. एक पोर्तुगालला दिली, बेस्ता. फ्रान्सची तर…"

"दाजी! पाना द्या म्हन्लं!"

मल्लेश बाहेर आला. तोंडाला काळं वंगण, आणि वंगणाखाली त्याहून काळं काहीतरी.

"गेल्या येळवसीला बी तुमी असंच केलं. आई शिवारात आंबिल शिंपत होती, 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हनत. तुमी तिला मधीच थांबवून, ह्यात कानडी किती अन् मराठी किती, सांगाया बसले. भज्जी गार झाली. पोरं रडाया लागली."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात माणूस उरत नाही. सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, घालायची, तिच्यात पाच पांडवांची, म्हणजे पाच दगडांची, पूजा करायची आणि मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातलं आंबिल असं पोटाला तड लागेपर्यंत जेवायचं. पान वाढलेलं असताना कुणाला उठता येत नाही, म्हणून मल्लेशचं रान ही या पृथ्वीवरची एकच जागा होती जिथे माझं बोलणं निदान अर्धं तरी ऐकलं जायचं.

"ह्या पाट्यानं दगूड उडतो व्हय, दाजी?"

"उडतो."

"मंग उडवून दावा. येत्या येळवसीला, कोपीपासून बांधापलीकडं. गेला तर तुमी बोला, आमी संपोस्तर ऐकू. न्हाई गेला, तर आमच्या रानात पुन्यांदा शब्दाचं मूळ काढायचं न्हाई. कायमचं."

"कबूल," मी म्हणालो.

दानम्माने कपाळाला हात लावला. शिवांगी स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. ते कौतुकाचं नसावं.

आता, तो बांध साधा बांध नाही. पलीकडचं रान शेषेरावांचं. कुणी कुणाच्या अंगावर एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जादा नांगरलं, यावरून त्यांचं आणि मल्लेशचं बोलणं बंद. पूर्वी येळवसीला त्या बांधावरून ताटं इकडून तिकडे जायची. आता दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे पाठ करून जेवतात, आणि मधला हरभरा तेवढा दोघांकडे बघून डुलतो.

खरी बल्लिस्ता पाट्यावर चालत नसे. ती चाले पिळलेल्या दोरांवर. लाकडाच्या चौकटीत जनावरांच्या स्नायूंचे दोर पिळून बसवायचे, त्यांत दोन दांडे खोवायचे आणि दांडे मागे ओढून सोडायचे. मी ठरवलं, करायचं तर अस्सल. स्नायूंच्या जागी सुती दोर घेतले. लिंगायताच्या घरात स्नायू कुठून आणायचे? चौकटीला सागवान हवं होतं. घरात सागवानाची एकच वस्तू होती, दानम्माच्या आंदणातला दिवाण.

या दिवाणाबद्दल मी फार बोलणार नाही. दानम्मा देवळात गेली असताना मी तो सोडवला, आणि ती परत आली तेव्हा गादी जमिनीवर होती. "अहो," ती म्हणाली, "माझ्या माहेरचं एवढं एकच तुमच्या घरात सरळ उभं होतं." पुढे चार दिवस घरात वरणाला फोडणी नव्हती.

पहिली चाचणी गच्चीवर झाली. सल्ल्याला शेजारचे पंचाक्षरी काका होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सगळं आयुष्य पाणी अडवण्यात गेल्यामुळे कुठलीही गोष्ट पुढे जाताना त्यांना बघवत नाही.

"मन्मथराव, कोन चुकलाय. अजून पिळा."

मी पिळलं.

"आता जरा सैल करा."

मी सैल केलं. माझ्या मते तिथेच घात झाला. दगडाच्या जागी ठेवलेला बटाटा पुढे जायच्या ऐवजी सरळ वर गेला, क्षणभर आभाळात विचार करत थांबला, आणि काकांच्या सोलर हीटरच्या नळ्यांवर उतरला. दोर तुटून एक दांडा माझ्या कानाजवळून गेला. काका बराच वेळ नळ्यांच्या काचांकडे बघत उभे राहिले. ते आता भांडतील, असं मला वाटलं. पण इंजिनिअर माणसाचं मन वेगळं असतं. "आता हे यंत्र उडालंच पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर माझं गरम पाणी कशासाठी गेलं?"

शेवटी शिवांगीने मार्ग काढला. "पप्पा, रोमच्या आजीचा हट्ट कशाला? स्पेनची नात घरातच आहे की. पाट्याचं धनुष्य करा." मला जरा लागलं. पण पोटच्या पोरीने शब्दाचा वंश ध्यानात ठेवला होता, हे त्या लागण्याहून मोठं होतं. मी मुकाट्याने पाटा शोधायला निघालो.

पाटा लातुरात मिळत नाही असं नाही. पण पंचाक्षरी काकांच्या प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी त्यांचे साडू असतात, आणि साडू नांदेडला असतात. साडूंच्या ओळखीच्या भंगारवाल्याने मला हवा तसा लांब, लवचिक पाटा काढून दिला आणि विचारलं, "काय करून राहिले सर याचं? गाडी कोनती?"

"गाडी नाही. युद्धयंत्र."

त्याने माझ्याकडे आणि मग काकांच्या साडूंकडे पाहिलं. साडूंनी हळूच मान हलवली, की हो, तसंच आहे, पण निरुपद्रवी आहेत.

परतीच्या एसटीत कंडक्टरने पाटा बघून विचारलं, "हे काय हाय?" खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "किल्ले फोडायच्या यंत्राचा मुख्य भाग." त्याने घंटी मारून गाडी थांबवली. हत्यार गाडीत चालत नाही. मी रोम, इटली, स्पेन सगळं समजावून सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका आजीने डोळे मिटून दोन्ही हात जोडले; तिला वाटलं, पोथी लागली. अखेर ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "अरे, टेंपोचा पाटा हाय तो. बस सोड." बल्लिस्तेचा असा अपमान ऐकून घेत मी लातूरपर्यंत उभ्याने आलो.

त्यानंतर परवानगी. कायदा पाळणारा माणूस असल्यामुळे मीच होऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बंदूक आहे का? तलवार आहे का? मग आमच्याकडे काय काम? तहसीलला जा." तहसीलच्या बाई म्हणाल्या, "रानात वापरणार ना? मग शेतीचं अवजार झालं. कृषी खात्यात जा." कृषी खात्यातला माणूस एकटाच असा भेटला ज्याने यंत्राची नीट चौकशी केली. दगड किती लांब जातो, एकदा भरायला किती वेळ लागतो, सगळं विचारलं. मी भारावून गेलो. मग तो म्हणाला, "रानडुकरं हाकलायला बरं आहे. फवारणी पंपाच्या योजनेत बसवू शकतो तुम्हाला. पण औंदा कोटा संपला. पुढच्या वर्षी लवकर या." परवानगी कुणी दिली नाही, पण नाहीही कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे यालाच परवानगी म्हणतात.

चाप म्हणून बाथरूमची कडी काढली. तेवढी घट्ट आणि तेवढीच चटकन सुटणारी दुसरी कडी घरात नव्हती. तेव्हापासून आमच्या घरी आंघोळीला गेलेलं माणूस मोठ्याने गाणं म्हणतं. दानम्माचा आवाज इतका गोड आहे, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं. मी तसं बोलूनही दाखवलं. "कडी बसवा आधी," ती आतून म्हणाली.

येळवसीच्या सकाळी मल्लेश गाडी घेऊन आला. यंत्र मागे ठेवलं, शेजारी पंचाक्षरी काका बसले. रस्त्याने माणसांची रीघ लागली होती. बायकांच्या डोक्यावर आंबिलाची मडकी, कडेवर पोरं, दोन्ही अंगाला ज्वारीचं पोटऱ्यातलं, कणसं फुटायच्या बेतातलं हिरवं रान. थंडीचं कोवळं ऊन दवावरून घसरत होतं. मी मात्र मनातल्या मनात ताण, कोन आणि कडी असा जप करत होतो.

सासूबाई, महादेवी त्यांचं नाव, कोपीच्या तोंडाशी उभ्या होत्या. यंत्र खाली उतरताना त्या पुढे आल्या, चौकटीवरून हात फिरवला, वाकून पाय बघितले. "हे पाय वळखीचे वाटतेत," त्या म्हणाल्या. दानम्माने नुसतं माझ्याकडे बघितलं. सासूबाईंना जात्यावर बसल्याशिवायही ओवी सुचते.

"लेकीला आंदण दिला, दिवाण सागवानी
जावयानं त्याची बाई, तोफ केली रानी."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी कडी तपासत राहिलो. माणसाने अशा वेळी हाताला काम द्यावं.

दगड मी लातूरहूनच निवडून आणले होते. हिरव्या रानात पडला कुठे ते दिसावं म्हणून त्यांना चुना फासला होता. सगळे एका मापाचे, गोल, पांढरेशुभ्र. पाट्याच्या दोन टोकांना बांधलेली तार ओढून कडीत अडकवली, पाटा कुरकुरत वाकला. मी दगड उचलला.

"थांबा," मल्लेश म्हणाला. "तुमचा दगूड चालनार न्हाई. आतून पोकळ केला असंल. दगूड मी निवडनार."

"हा माझ्या सचोटीवर…"

"असू द्या." तो कोपीकडे गेला, तिथे उन्हात वाळत असलेल्यांतला एक पांढरा दगड उचलून आणला, हातात तोलला आणि स्वतःच खोबणीत ठेवला. "आता हाना."

पंचाक्षरी काका म्हणाले, "जरा सैल करा."

आयुष्यात प्रथमच मी त्यांचं ऐकलं नाही. डोळे मिटले, श्रीगुरुबसवलिंगाय नमः म्हटलं आणि कडी काढली.

आवाज असा झाला, की रानातले सगळे होले पंख फडफडवत एकदम उठले. पाटा सुटला आणि तो पांढरा दगड निघाला. हरभऱ्यावरून, ज्वारीच्या शेंड्यांवरून, बांधावरच्या बाभळीवरून. बगळा जावा तसा गेला. घाई नाही, गडबड नाही. हजारो वर्षांची वाट त्याला पाठ असल्यासारखा. मग पलीकडून 'फट्' असा ओला आवाज आला. मग शांतता. मग शेषेरावांच्या मालकीणबाईंची, केवळाबाईंची किंकाळी.

"गेला!" मी उडी मारली. "बांधापलीकडे गेला!"

"अलीकडंच पडला," मल्लेश म्हणाला. इतक्या निर्विकार चेहऱ्याने, की क्षणभर मलाही शंका आली. "मी बघितलं ना. बाभळीपाशी."

"मग ती बाई का ओरडली?"

"ती तशीच वरडती."

तेवढ्यात कोपीतून सासूबाईंचा आवाज आला. "मल्ल्या! आरं, चुना लावून पाच ठेवले होते मी वाळायला. हितं चारच पांडव हायत!"

मल्लेशच्या चेहऱ्याचा रंग दगडांसारखाच झाला. मी एवढंच म्हणालो, "दगड तू निवडलास." यापेक्षा थोडक्यात मी जन्मात बोललो नव्हतो.

बांधावर शेषेराव उभे राहिले. पटक्यावरून, मिशांवरून आंबिल ओघळत होतं. एका हातात मडक्याचा गळा, दुसऱ्या हातात पांढरा दगड. मागे केवळाबाई. बांधाच्या अलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नाही, आणि मल्लेश कोपीपासून हलला नाही.

"जावईबापू," शेषेराव मल्लेशकडे न बघता मला म्हणाले, "त्याला म्हनावं, सणाच्या दिवशी मानसाच्या डोस्क्यात देव घालतेत का?"

"दाजी," मल्लेश म्हणाला, "त्यांना म्हनावं, चूक झाली, आमचा पांडव देऊन टाका."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी कुणी माझ्या तोंडून शब्द मागितला की माझं मन भरून येतं. पण इथे माझ्या उरलेल्या सगळ्या येळवसींचा प्रश्न होता. मी यंत्रावर बसलो.

"मी एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही," मी म्हणालो. "आधी माझा निकाल. दगड कुठे पडला, ते त्यांनाच ठाऊक आहे. मल्लेश, तू विचार. तुझ्या तोंडाने."

"अहो, पुरे," दानम्मा म्हणाली.

"नाही पुरे."

पूजा खोळंबली होती. चार पांडवांवर नैवेद्य दाखवता येत नाही, आणि नैवेद्याशिवाय कुणाला घास घेता येत नाही. भज्जीचा वास सगळ्या रानात पसरला होता. मल्लेश एकदा माझ्याकडे बघे, एकदा आईकडे. आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती कोपीच्या दारात चार दगडांना एका ओळीत लावत बसली होती, आणि पाचव्याची जागा मोकळी ठेवत होती.

मल्लेशने घसा साफ केला.

"शेषेरावदादा," तो म्हणाला. 'दादा' त्याच्या तोंडून जुन्या सवयीने निसटलं असावं, कारण तो स्वतःच दचकला. "दगूड… कुठं पडला?"

शेषेरावांनी मिशीवरचं आंबिल पालथ्या हाताने पुसलं.

"आंबिलात," ते म्हणाले. "बांधापासून चांगला लांब. दाजी जिंकले तुझे."

मी उठून उभा राहिलो. मला टाळ्यांची अपेक्षा होती. पंचाक्षरी काकांनी दोन वाजवल्या.

"दगूड द्या मंग," मल्लेश म्हणाला.

"कामून देऊ? माझ्या कोपीत पाच होते. हा सहावा आला. म्हंजे कर्ण झाला. अन् कर्ण आपल्या पायानं आला माझ्या घरी."

"शेष्या," सासूबाई कोपीतूनच म्हणाल्या, "कर्ण मोठा दानशूर होता. असा बांधावर हुबा राहून आंबिलापायी भांडत नव्हता. खाली उतर. केवळे, तू बी ये. माझ्या मडक्यातलं निम्मं तुमचं. येळवसीच्या दिवशी रानात आलेलं मानूस मी उपाशी जाऊ दिलं न्हाई, आन् आज काय तुझ्यासाठी रीत मोडू?"

शेषेरावांनी मडक्याचा गळा बांधावर ठेवला. पाऊल उचललं आणि हरभऱ्याला लागू नये असं जपून अलीकडे टाकलं. मागून केवळाबाई उतरल्या. दानम्माने पुढे होऊन त्यांना हात दिला. शेषेरावांनी पुढे केलेला पांढरा दगड मल्लेशने दोन्ही हातांनी घेतला, अंगरख्याला पुसला आणि आईने मोकळ्या ठेवलेल्या जागी नेऊन बसवला. मग अर्धं आंबिल दुसऱ्या मडक्यात ओतून ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि बांध ओलांडून त्यांच्या कोपीत पोचवून आला. वाटेत शिंपडत गेला. त्याच्या रानात आणि त्यांच्या रानात, दोन्हीकडे सारखंच.

सगळे पंगतीला बसले. शेषेराव माझ्या शेजारी. त्यांनी यंत्राकडे मान वळवून बघितलं. "ह्याला म्हनतेत काय, जावईबापू?"

भज्जी ताटात होती. मुलं भुकेली होती. मी मल्लेशकडे बघितलं.

"सांगा दाजी," तो म्हणाला. "शब्द दिलाय."

मी सांगितलं. रोमपासून सुरुवात केली. बालेस्त्रा इटलीत कशी गेली, बायेस्ता स्पेनला कशी नांदली, बेस्ता पोर्तुगालच्या समुद्राकाठी कशी राहिली, फ्रान्सला गेलेली धनुष्याच्या नावाला सोबत घेऊन आर्बालेत कशी झाली. कुणी पाना मागितला नाही. कुणी 'दाजी' म्हटलं नाही. केवळाबाईंचा घास हातातच राहिला होता. शिवांगी मधेमधे उच्चार सुधारत होती आणि मी सुधारू देत होतो.

शेषेरावांनी सगळं ऐकून घेतलं. उंडा भज्जीत बुडवला, पण तोंडात घातला नाही.

"म्हंजे रोमाहून निघाली," ते बोटं मोजत म्हणाले, "इटली केली, स्पेन केलं, पोर्तुगाल केलं, फ्रान्स केलं. एवढा मुलूख हिंडून हिला फोडाया माझंच मडकं घावलं व्हय?"

आधी मल्लेश हसला. मग शेषेराव. मग सगळी पंगत इतकी हसली, की बाभळीवरचे होले पुन्हा उठले.

मी मात्र गंभीर होतो. स्पेनमधल्या कातालान मुलखात दिलेली धाकटी अजून सांगायची राहिली होती.